बोरगाव, बोर आणि बारा बोर

बोरगाव मेघे, बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

बंदूक आज घरी आली. विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा बाबांनी ती ठाण्यात जमा केली होती. २० तारखेला मतदान झालं, २३ला निकाल लागले, आणि आज आम्ही दोघं पावती घेऊन हजर. हवालदारांनी परवान्यावरचा क्रमांक वाचला, बाबांनी बंदुकीवरचा वाचला, जुळले, सही झाली. एप्रिलात लोकसभेला हेच झालं होतं. ‘वर्षात दोनदा माहेरपणाला जाते,’ असं आई तिच्याबद्दल म्हणते. आईला स्वतःला दहा वर्षांत एकदाही जमलेलं नाही, हे त्यात आलंच.

घरी आल्यावर रेक्झिनचं कव्हर उघडलं तर नळीच्या तोंडाशी तांबूस गंज. दोष कुणाला द्यायचा? परतीच्या पावसात कव्हर ओलं झालं होतं आणि देताना तेलाचं बोट फिरवायचं मीच विसरलो. दुसरं दुखणं जुनं आहे. दस्त्याला, जिथं मूठ पकडते त्या बारक्या भागात, केसाएवढी चीर आहे. दोन वर्षांपूर्वी मचाणावरून पडली तेव्हाची. आता तिच्यात नख जातं.

बाबांनी चष्मा वर करून नख घालून पाहिलं आणि बंदूक माझ्या मांडीवर ठेवली.

“हे आता तुह्या नावानं करून घे. मंग दस्ता बदलव, नाही तं दुसरी घे. पन या हंगामात निकाल लाव. माह्या खांद्याचं आता काही खरं नाही.”

बाबा ८१ वर्षांचे. ही बंदूक त्यांनी १९९४ साली कामठीच्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडून रीतसर घेतली. अमेरिकी बनावटीची, पंपाची. आमच्या भागात शेतकऱ्याकडे बंदूक असली तर एकनळी किंवा दुनळी. पंप म्हटलं की लोकांना अजून फवारणीचाच आठवतो.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आमच्या नशिबात ‘बोर’ फार. गाव बोरगाव. वावर सेलू तालुक्यात, बोर अभयारण्याच्या अंगाला. वावरात पाण्यासाठी मारलेली बोर, धुऱ्यावर बोरीचं झाड, घरात बारा बोर. शाळेत पोरं मला पाठीमागे काय म्हणत, ते सांगायला नको. छत्तीस वर्षं गणित शिकवलं.

बारा बोर म्हणजे काय, हे मात्र मी त्या पोरांना गोलाच्या घनफळाच्या तासाला सांगत असे आणि तेवढा एक तास कुणी जांभई देत नसे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे करा. त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोरची नळी. गोळा भरतो जेमतेम ३८ ग्रॅमचा, शिशाची घनता ११.३४, घनफळावरून व्यास काढला की साडेअठरा मिलिमीटर येतो. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. सोळा बोर बारापेक्षा बारीक, वीस बोर त्याहून. हे पोरांना उलटं वाटे. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

आज दुपारी बाबांनी मला पुन्हा एकदा ती चालवून दाखवली. रिकामी, नळी अंगणाच्या भिंतीकडे, दोनदा तपासून. नळीखाली दुसरी नळी असते, काडतुसं एकामागे एक तिच्यात बसतात. डाव्या हातात लाकडी मूठ. ती मागे ओढली की रिकामं टरफल बाहेर उडतं, पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत बसतं. खटक-खटक. वाफ नाही, वायू नाही, माणसाचा हात हेच इंजिन. म्हणूनच या जातीच्या बंदुका शंभराहून जास्त वर्षं टिकल्या. विंचेस्टरची १८९७ची, जॉन ब्राउनिंगनं बेतलेली, पहिल्या महायुद्धात खंदकांत गेली. रेमिंग्टनची ८७० ही १९५०ची, मॉसबर्गची ५०० ही १९६१ची, आणि दोन्ही अजून निघतात. अमेरिकेत त्या आपल्याकडच्या हिरो होंडासारख्या: घरोघरी, आणि सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. परदेशी बंदुकांची खाजगी आयात सरकारनं १९८०च्या दशकात जवळजवळ बंद केली. त्याआधी ज्या आल्या त्याच बहुतेक हातोहात फिरताहेत. तिकडे जी कणगीतली ज्वारी, ती इथं देव्हाऱ्यातली मूर्ती झाली आहे.

सोमवार, २ डिसेंबर

फोनांचा दिवस.

पुण्याच्या धाकट्या भावाचं मत सरळ आहे: विका. आयात बंद असल्यानं जुन्या अमेरिकी पंपाला चढा भाव येतो, सरकारी आयुध कारखान्यांची देशी पंप त्यापेक्षा स्वस्तात येईल, वर पैसे उरतील. हिशेबात चूक नाही. त्याचा हिशेब कधीच चुकत नाही, म्हणून तर तो पुण्यात आहे.

भाचा टेक्सासला असतो. त्यानं व्हिडिओवर बंदूक पाहिली आणि आनंदानं ओरडलाच. “मामा, विकू नका! अपग्रेड करा!” मग त्यानं याद्या पाठवायला सुरुवात केली. आखूड नळी. रबरी पॅडचा कृत्रिम दस्ता. नळीखाली टॉर्च. वर लाल ठिपक्याची दुर्बीण. काडतुसांची नळी लांब करायचा जोड. त्याच्याकडे म्हणे हे सगळं टोपण फिरवून दहा मिनिटांत बदलतं. शनिवारी सकाळी चहा होईपर्यंत बंदूक वेगळीच.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, “ते डुक्कर काय लाल ठिपका पाहून पयते का?”

गुरुवार, ५ डिसेंबर

दोन दिवस आभाळ भरलेलं. फेंगल वादळ तिकडे तमिळनाडूत, आणि थंडी पळाली आमची. तूर फुलावर आहे, अळीची धास्ती.

वर्ध्याला जिल्हाधिकारी कचेरीतल्या गृह शाखेत जाऊन आलो. तिथं जे कळलं ते आणि घरी १९५९चा शस्त्र कायदा काढून वाचला ते, दोन्ही इथं टिपून ठेवतो, नाही तर भाच्याला दर आठवड्याला नव्यानं सांगावं लागेल.

एक. कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ म्हणजे शस्त्राचे सुटे भागही. वेगळी नळी घेतली तर ती काही स्कूटरचा आरसा नव्हे, ते शस्त्रच झालं. नळी आखूड करायची तर त्यालाही परवाना लागतो. घरी करवत चालवली की तुरुंग. शिवाय शेतकऱ्याला किंवा स्वसंरक्षणासाठी मागणाऱ्याला जी गुळगुळीत नळीची बंदूक द्यायची, तिची नळी वीस इंचांहून कमी नको असं कलमातच आहे. अंगावरचा क्रमांक खोडला वा बदलला तर वेगळा गुन्हा. म्हणजे भाच्याच्या यादीतली पहिली ओळ खोडली.

दोन. दुरुस्ती फक्त परवानाधारक कारागिराकडे.

तीन. विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, आधी लेखी कळवायचं आणि कळवल्यापासून ४५ दिवस जाऊ द्यायचे. परवानाधारक दुकानदाराकडे दिली तर गोष्ट सोपी, पण भाव तो ठरवणार. भावाच्या हिशेबात हे ४५ दिवस नव्हते.

चार. दोन बंदुका एका परवान्यावर चालतात. आधी तीन चालत, २०१९च्या दुरुस्तीनं दोन केल्या. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, हे बरं केलं.

पाच, आणि माझ्या कामाचं. २०१६च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याच्याकडे बंदूक २५ वर्षं असली, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. बाबा दोन्हीत बसतात. बाकी वारसांची ना हरकत, प्रकृतीचा दाखला, बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस पडताळणी. ६१व्या वर्षी मला पुन्हा परीक्षेला बसवणार.

कारकुनानं विचारलं, “पंप कायले ठेवता गुरुजी? दुनळी घेऊन टाका ना.” प्रत्येकाला एक बंदूक माहीत असते.

रविवार, ८ डिसेंबर

हिंगणघाटला दूरच्या नात्यातल्या एका आजोबांकडे दुनळी आहे. त्यांचे दोन्ही मुलगे परदेशी, बंदूक कुणाला नको. “घेऊन जा, घरातच राहील,” असा निरोप होता. बाबांना आज खाटेवरून उठवेना, म्हणून मी एकटाच जाऊन पाहून आलो.

काय देखणी वस्तू! विलायती, बर्मिंगहॅमची. चापाच्या वर दोन्ही बाजूंना नक्षी, अक्रोडाचा दस्ता हाताच्या घामानं काळा पडून आरशासारखा झालेला. उघडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. जुन्या वाड्याचं दार जसं उघडतं तशी. मी पाच मिनिटं तिच्या प्रेमात होतो.

मग त्यांनी नळ्या उतरवून पोटाकडची बाजू दाखवली. बंदूक ओळखायची असेल तर तोंड नाही, पोट पाहावं. तिथं परीक्षागृहाचे ठसे असतात. एका नळीवर अडीच इंच असं कोरलेलं. अडीच इंच म्हणजे ६५ मिलिमीटरचं काडतूस. आज खडकीची ‘शक्तिमान’ घ्या की बाहेरची, दुकानात बहुतेक ७० मिलिमीटरची मिळतात. गंमत अशी की ७०चं काडतूस ६५च्या घरात बसतं. न बसतं तर बरं झालं असतं. मोजमाप टरफल उघडल्यानंतरचं असतं. उडवल्यावर त्याची दुमडलेली कड उलगडायला जागा उरत नाही, छर्ऱ्यांची वाट अडते आणि आत दाब वाढतो. दुसरी गोष्ट: नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारख्या लहरी होत्या. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून वळलेल्या नळ्या, काळ्या दारूच्या काळातल्या. त्यांच्यात आजची धूररहित दारू उडवायची म्हणजे आजीला मॅरेथॉनला पाठवणं. ‘नायट्रो प्रूफ’चा ठसा मी भिंग घेऊन शोधला. नव्हता.

आजोबांना सांगायला जीव होईना. त्यांनीच ओळखलं. “माह्या बापानं यातून वाघ मारला होता,” म्हणाले आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. आम्ही चहा घेतला.

बसमध्ये विचार करत होतो: जुनी नको म्हणून मी दुसरी बघायला गेलो आणि तिच्याहून साठ वर्षांनी जुनी बघून आलो.

शनिवार, १४ डिसेंबर, दत्तजयंती

रात्री वावरात डुकरं येऊन गेली. हरभऱ्याची चार तासं नांगरल्यासारखी. तुरीत लोळून केलेली गादी. सकाळी साडेसातला तिथं उभा होतो, दवानं पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, आणि मातीत खुरांचे ठसे इतके ताजे की पाणी अजून झिरपत होतं.

धुऱ्यावरून सगळं शिवार दिसतं आणि प्रत्येकाचा उपायही दिसतो. एकानं बायकोच्या जुन्या साड्या बांधल्यात. लाल, जांभळ्या, मोरपंखी, वाऱ्यावर हलणाऱ्या. एकानं न्हाव्याकडून केस आणून टाकलेत. एकाकडे सौर कुंपण, झटका मशीन. एकाचा भोंगा रात्रभर वाघाची डरकाळी वाजवतो. पहिले चार दिवस डुकरं बिचकली, पाचव्या रात्री भोंग्याखालीच खाऊन गेली. आणि एक-दोघं असे असतात की जे थेट खांबावरची वीज तारेत सोडतात. त्या तारेला डुक्कर लागतं, वाघ लागतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूसही लागतो. ही गोष्ट विदर्भात दरवर्षी वर्तमानपत्रात येते.

बंदूक असली तरी डुक्कर मारता येतं असं नाही, हे लोकांना सांगून खरं वाटत नाही. परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. डुक्कर १९७२च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर तर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर वन खात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊनच. बिहारात रोही आणि डुकरं, उत्तराखंडात डुकरं केंद्रानं काही काळ उपद्रवी ठरवली होती, २०१५-१६च्या सुमाराला. तसा सरसकट हुकूम आमच्या शिवाराला नाही. आणि बोर हा २०१४पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या सगळ्यांत लहानांपैकी. तिथल्या वाघाचं जेवण म्हणजे हेच डुक्कर आणि हाच रोही. माझा हरभरा खाऊन ते माजतं, त्याला खाऊन वाघ जगतो, वाघ पाहायला लोक जिप्सीत पैसे भरून बसतात. साखळीतला एकच दुवा असा आहे की ज्याला कुणी तिकीट देत नाही.

बाबांनी तीस वर्षांत या बंदुकीनं डुकरं मारली तीन. तिन्ही कागद घेऊन. बाकी सगळं काम तिच्या आवाजानं केलं, आणि त्याहून जास्त ती घरात आहे या बातमीनं.

पंचनाम्याचा अर्ज दिला.

सोमवार, १६ डिसेंबर

तुरीवर फवारणी. दुसऱ्या पंपानं.

बुधवार, १८ डिसेंबर

नागपूर. कारागिराची वेळ आजची मिळाली होती आणि आपण किती मूर्ख आहोत हे मला बुटीबोरीच्या पुढे कळलं. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू आहे. गावभर बॅरिकेड, मोर्चे, चौकाचौकात पोलीस, आणि मी मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर बारा बोरची बंदूक ठेवून सीताबर्डीच्या दिशेनं.

अडवलंच. खिशात बाबांचा परवाना आणि बाबांच्या सहीचं पत्र होतं: ‘सदर बंदूक दुरुस्तीसाठी माझ्या मुलाच्या हाती पाठवीत आहे.’ कायद्यात ही सोय आहे. मालकाच्या लेखी अधिकारानं दुरुस्तीला वा नूतनीकरणाला नेता येते. तरुण फौजदारानं पत्र दोनदा वाचलं, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि म्हणाला, “गुरुजी, पुढच्या येळेस अधिवेशन पाहून येत जा.”

कारागीर सत्तरीच्या पुढचा, तिसरी पिढी. बंदूक हातात घेऊन त्यानं आधी हलवली. पुढची मूठ खुळखुळली. मी म्हटलं, हेच तर. तीस वर्षांत झिजली. तो हसला. “झिजली नाही जी. कंपनीतून अशीच येते. ढिली आहे म्हणून चिखलात, धुळीत अडकत नाही. घट्ट करून मागाल तर मी करून देईन, पण मग तुम्ही मला शिव्या द्याल.” तीस वर्षं बाबा त्या खुळखुळीला म्हातारपण समजत होते.

नळीत प्रकाश टाकून पाहिलं. गंज वरवरचा, तोंडाशीच, आत आरसा. घर ७०चं. कुलूप बसतं तिथली झीज त्यानं मापपट्टी लावून पाहिली, ‘चांगली आहे’ म्हणाला. मग मला म्हणाला, “आता तुम्ही घ्या खांद्याला.”

मी घेतली. त्यानं माझ्या कोपराकडे पाहिलं, मग दस्त्याकडे, आणि मान हलवली. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं तर तर्जनी चापापर्यंत आरामात यायला हवी. माझी येत नव्हती. बाबा सहा फूट, मी पाच-चार. तीस वर्षं ही बंदूक मला लांब होती. कधी दोन-चारदा चालवली तेव्हा खांदा आठवडाभर निळा पडायचा, आणि ते माझ्या गणिती मास्तरपणाचं लक्षण असं घरात ठरलं होतं.

“तुम्हाला नवी बंदूक नको,” तो म्हणाला, “तुम्हाला तुमच्या मापाची बट पाहिजे.”

लाकडावर बोललो. आमच्याकडे सुताराचं पहिलं उत्तर सागवान, तसं मी बोललो. त्यानं नकार दिला: सागवान पाण्याला भारी, धक्क्याला नाही, शिरेनं चिरतो. अक्रोड मिळाला तर अक्रोड, नाही तर शिसम. शिसम जड पडेल, पण जड बंदूक खांद्याला कमी लागते. शिसम ठरला. मागे रबरी पॅड. सव्वा इंच आखूड. नळीला हात लावायचा नाही, पंपाला नाही, क्रमांकाला नाही. तीन आठवडे.

परतताना मित्रानं विचारलं, मग नवी घेणार की नाही? सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजारात मिळतात चार हजार. या वर्षी तो प्रश्न तसाही विनोदीच होता.

मंगळवार, २४ डिसेंबर

पुण्याहून भाऊ-वहिनी आणि मुलं. त्यांना घेऊन सेवाग्रामला. वर्ध्यात कुणीही पाहुणा आला की सेवाग्राम आणि पवनार होतंच.

मुलांना फोन आवडला, व्हाइसरॉयनं बसवून दिलेला. मी दरवेळी दुसरीच वस्तू पाहतो: साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा साप भरपूर. मारायचे नाहीत, धरायचे आणि लांब सोडून यायचे. भावानं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. म्हणजे, बंदूकवाल्या, काय म्हणणं आहे?

माझं म्हणणं तिथं मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं, पण इथं लिहितो. त्याच गांधीजींनी १९४६च्या सुमाराला ‘हरिजन’मध्ये पीक खाणाऱ्या माकडांबद्दल लिहिताना शेतकऱ्यावर अहिंसेचं ओझं टाकलं नव्हतं, पीक वाचवायला मारणं भाग पडलं तर ते मान्य करण्यापर्यंत ते आले होते, आणि त्यावर त्यांना भरपूर टीकेची पत्रं आली. चिमटाही त्यांचाच, तो लेखही त्यांचाच. दोन्ही लक्षात ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

भावानं ना हरकत दिली, मुद्रांकावर. अट तोंडी: विकायची झाली तर आधी त्याला विचारायचं.

सोमवार, ३० डिसेंबर, सोमवती अमावास्या

पहाटेचे चार. वावरातून आत्ताच आलो, झोप लागणार नाही.

अमावास्येच्या सुमाराला डुकरं येतात म्हणून जागलीला गेलो. बंदूक नागपुरात, असती तरी माझ्या नावावर नाही. काठी, टॉर्च, थर्मास, दोन सुतळी बॉम्ब. मचाणावर गार वारा, शेजारच्या वावरातून भोंग्याची डरकाळी.

साडेअकराच्या सुमाराला तुरीत खसखस. थांबली. पुन्हा. काहीतरी जड, जमिनीलगत, चार पायांवर, थांबत थांबत माझ्याकडे सरकत होतं. फुरफुर ऐकू आली. उजवीकडे पंधरा पावलांवर तुरीचे शेंडे हलले. मी टॉर्च मारला.

शेजारच्या वावराचा जागल्या. डोक्यावरून घोंगडं, दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे मातीत.

“मी होय जी गुरुजी, मी! मोबाइल पडला इथं कुठंसा.”

त्याला पडसं झालेलं होतं, ती फुरफुर त्याची. मी त्याच्या नंबरावर फोन लावला, आणि धुऱ्याजवळच्या नालीत गाणं वाजायला लागलं. चहा पिऊन तो गेला.

भाच्याच्या यादीत टॉर्च अजून शिल्लक होता. तो नळीखाली बसवायचा. म्हणजे काय आहे ते पाहायला उजेड टाकायचा, तर नळीही तिकडेच रोखायची. आधी रोखायचं, मग पाहायचं. तुरीत, अंधारात, फुरफुर ऐकून भ्यालेल्या माणसाच्या हाती. टेक्सासच्या घरात त्याचं काय प्रयोजन असेल ते असो. इथं टॉर्च डाव्या हातातच राहील.

डुकरं आली नाहीत.

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

बंदूक आली. या वेळी अधिवेशन नव्हतं.

शिसम अजून तांबूस आहे, तेल प्यायला वर्ष लागेल म्हणतो कारागीर. बाबांनी आधी जुना दस्ता मागितला. मी आणला होता. कारागिरानं तो कागदात गुंडाळून परत दिला होता. चिरेतून नख फिरवून तो त्यांनी खाटेखाली ठेवला. मग नवा खांद्याला लावून पाहिला आणि लगेच खाली घेतला.

“मले आखूड होते,” म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मूठ हलवून पाहिली. “खुळखुळते अजून.”

मी कारागिराचं म्हणणं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

दुपारी वारसाच्या परवान्याचा अर्ज दिला. सोबत बाबांचं संमतिपत्र, बाकी वारसांची ना हरकत, डॉक्टरांचा दाखला. प्रशिक्षणाचा दाखला द्यायचा राहिला आहे. पोच मिळाली, पुढे पोलीस पडताळणी, किती महिने ते कुणी सांगत नाही. तोवर बंदूक बाबांच्या नावावर, बाबांच्या कपाटात, आणि किल्ली बाबांच्या करगोट्याला. भाच्याला फोटो पाठवला. त्यानं विचारलं, मामा, अपग्रेड कुठाय? मी लिहिलं: सव्वा इंच.

काल रात्री डुकरं पुन्हा येऊन गेली. हरभऱ्याची दोन तासं.